उसनी नाडी

कॅमेरा यायच्या दोन वर्षं आधी त्याची अफवा आली, आणि जयसिंगपूर-इचलकरंजी पट्ट्यातल्या निम्म्या फोटोग्राफरांनी त्या अफवेवर आपल्या कॅमेऱ्याची चालती बॉडी विकून टाकली. ‘काच आणि उजेड’ नावाच्या त्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज नवं यायचं. दिवाळीला येतोय. छे, जपानमधला एक दुकानदार म्हणाला, मार्च. लेन्स बसवायचं माउंट बदलणार, जुन्या लेन्सा भंगारात. बदलणार नाही, अडॅप्टर देणार. कुणीतरी अंधारातल्या एखाद्या खोक्याचा फोटो टाकायचा आणि त्यावर दोनशे बापे दिवसभर भांडायचे. हातातल्या कॅमेऱ्यानं जे जमत नाही ते येणाऱ्या कॅमेऱ्यानं जमेल, यावर या लोकांची जेवढी श्रद्धा असते तेवढी देवावर असती तर आज हे सगळे मोक्षाला गेले असते.

संमेद मगदूम त्यातला अट्टल. जयसिंगपूरच्या आठव्या गल्लीत स्टुडिओ, आणि काम एकच, पण जीव ओतून केलेलं: लग्नाच्या बायोडाट्याचे फोटो. साडीतली मुलगी, मागं करडा पडदा, डावीकडून एक मोठा दिवा, पंच्याऐंशी एमएमची लेन्स. सावळ्या पोरीला गोरी न करता देखणी दाखवणारा तालुक्यातला तो एकटा. ती पंच्याऐंशी त्यानं कुणाला हातात धरू दिली नव्हती.

मग तो नवा कॅमेरा, बिनआरशाचा ‘मिररलेस’, खरंच आला, आणि सगळ्या अफवा त्याच्यापुढं किरकोळ ठरल्या.

आधीचा सेन्सर पायलीनं धान्य मोजावं तसा उजेड मोजायचा. शटर उघडं असेपर्यंत ओता, शेवटी किती भरलं ते बघा. कुठला दाणा कधी पडला, कुणाला ठाऊक. हा नवा दाणे मोजायचा. उजेडाचा एकेक कण कुठं पडला आणि नेमका कधी पडला, सगळं टिपून ठेवायचा. बटण दाबलं की आधीचे आणि नंतरचे मिळून वीसेक सेकंद कॅमेऱ्याच्या पोटात. नवरीनं डोळे मिटले? मागं सरका, उघडे असतानाचा क्षण उचला. फोटोग्राफर नाचले.

नंतर कुणाच्या तरी ध्यानात आलं की त्या वीस सेकंदांत चेहरा गप्प बसलेला नसतो. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला कातडीखालून रक्ताची लाट जाते. रक्त हिरवा उजेड खातं. म्हणून दर ठोक्याला गाल आणि कपाळ केसभर काळवंडतात आणि परत उजळतात. डोळ्याला ते कळत नाही. दाणे मोजणाऱ्याला कळतं. एका कंपनीनं ‘पारख’ नावाचं ॲप काढलं. कॅमेऱ्यातली मूळ फाईल त्यात घालायची. हृदयाचे ठोके, त्यांची लय, श्वास, रक्त कमी आहे का, सगळं चार ओळींत बाहेर. फोनच्या कॅमेऱ्याला हे जमायचं नाही, तेवढ्याशा सेन्सरवर पुरेसे दाणे पडत नाहीत. मिररलेसच लागायचा.

कंपनीनं ते दवाखान्यांसाठी काढलं होतं. आधी वापरलं वधू-वर सूचक मंडळांनी.

“आम्ही पुढारलेले लोक. पत्रिकाबित्रिका बघत नाही,” मुलाकडचे म्हणायचे. “तेवढी मूळ फाईल पाठवा.”

मुलाची फाईल कुणी मागायचं नाही. मुलगा नोकरीला आहे, म्हणजे काळीज चालत असणारच.

जुन्या कॅमेऱ्याचा फोटो पाठवला तर मंडळ परत करायचं. जुना कॅमेरा म्हणजे काहीतरी लपवताय. अशा रीतीनं ज्या मिररलेससाठी संमेदनं दोन वर्षं ग्रुपवर भांडण केलं, तो त्यानं घेतला आणि गावातल्या पोरींची काळजं काढून वाटायला लागला. आपण काय करतोय हे त्याला कळत नव्हतं असं नाही. गिऱ्हाईक दारात उभं होतं, एवढंच.

आणि घरात त्रिशला होती.

त्रिशला त्याची धाकटी बहीण. स्टुडिओत फोटो निवडायचं, सजवायचं काम तीच बघायची. लहानपणी सांधेताप आला आणि जाताना हृदयाची एक झडप आकसवून गेला. दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन, जिना हळू चढायचा, बाकी बोलणं-हसणं चौघींसारखं. ठोके मात्र वेडेवाकडे. एक मोठा, दोन बारके, मग एक हुकलेला.

इचलकरंजीच्या एका लग्नात ती दुसरा कॅमेरा धरून उभी होती, तिथं अभय नेजकरनं तिला बघितलं. यंत्रमागाचं घर, पोरगा साधा. चार वेळा भेटले. तिनं स्वतःहून झडपेचं सांगितलं.

“काय म्हणाला?” संमेदनं विचारलं.

“मला चालतंय म्हणाला. पण घरात फाईल मागणार.” जयसिंगपूरच्या पोरींसारखी तीही पुरुषासारखंच बोलायची. “मी सांगतो म्हटलं तुझ्या आईला. तर म्हणाला, तू नको, आधी फाईल येऊ दे.”

“म्हणजे तोंड त्याला नाही.”

“तोंड आहे रे. आवाज नाही.” ती हसली. मग म्हणाली, “दादा, मला पाहिजे तो.”

त्याच आठवड्यात ग्रुपवर नवी अफवा आली. शिरोळचा किरण आवटी घेऊन आला. जुन्या काळी काही लेन्सांच्या काचेत किरणोत्सारी धातू मिसळायचे, वर्षानुवर्षांत ती काच पिवळी पडते; त्या पिवळ्या काचेतून काढलेली फाईल पारखला वाचताच येत नाही. किरणच्या मावसबहिणीची म्हणे अशीच स्वच्छ निघाली. झालं. कपाटांच्या तळाशी बुरशी खात पडलेल्या पिवळ्या लेन्सा एकदम सोन्याच्या झाल्या. ज्याला त्याला पिवळी पाहिजे. प्रत्येकाच्या घरात कुणीतरी होतंच.

संमेदनं कोल्हापूरच्या एका म्हाताऱ्या हौशी माणसाकडं पिवळी लेन्स शोधली. म्हातारा पैशाला बधला नाही. “तुमची पंच्याऐंशी द्या,” म्हणाला. संमेदनं दिली.

त्रिशलाला पडद्यासमोर बसवलं, पिवळ्या काचेतून टिपलं आणि फाईल पारखमध्ये घातली. ठोके अनियमित. झडपेच्या विकाराची शक्यता. हृदयतज्ज्ञांना दाखवा. पिवळी काच निळा उजेड अडवते, रक्ताची लाट दिसते हिरव्यात, आणि हिरवा आरपार येतो. सगळ्या ग्रुपनं ज्यासाठी कपाटं उचकली त्याचं उत्तर शाळेच्या विज्ञानात होतं.

त्यानं किरणला फोन केला. “तुझ्या मावसबहिणीचं काय ते खरं सांग.”

“तिला काही नव्हतंच की.”

“मग लेन्सनं काय केलं?”

“ते मला काय ठाऊक? तुझी पुरेशी पिवळी नसंल. अजून पिवळी बघ.”

संमेदनं फोन ठेवला आणि करड्या पडद्यासमोरच्या स्टुलावर बसून राहिला. डोळ्यांसमोर डावीकडचा दिवा होता. आयुष्यभर तो गिऱ्हाइकाला सांगत आला होता, बॉडी बदलेल, काच राहील, काचेवर पैसे घाला. फोटोग्राफर मरताना पण काचेचंच नाव घेणार. आणि काच काय करते? चेहऱ्यावरून जे येतं ते आत सोडते. चेहऱ्यावर काय पडतं ते दिवा ठरवतो.

दिवा एलईडीचा होता, त्याचा उजेड कमी-जास्त करता यायचा. तो दर ठोक्याला केसभर, डोळ्याला कळणार नाही इतका, मंद झाला तर? कॅमेरा दाणे मोजणार. कमी का झाले, रक्तानं खाल्ले का दिव्यानंच सोडले नाहीत, हे त्याला कळायचं कारण नाही. मागचा पडदा मात्र थरथरायला नको, पारख पडदाही तपासते. म्हणून दिव्याला नळकांडं लावायचं, उजेड फक्त चेहऱ्यापुरता. तिची स्वतःची लाट दिव्याच्या लाटेपुढं इतकी बारीक पडेल की बुडून जाईल. आणि लय कुणाची द्यायची? दवाखान्यात नाडी मोजायला बोटाला लावतात तो चिमटा त्यानं आणला, त्याची वायर दिव्याला जोडली आणि चिमटा आपल्याच बोटाला लावला. यंत्राची लय यंत्राला ओळखू येते. माणसाची माणसासारखी असते.

त्रिशला स्टुलावर बसेना.

“म्हणजे माझ्या तोंडावर तुझं काळीज.”

“वीस सेकंद.”

“आणि नंतर?”

“नंतर कोण फाईल बघतंय? लग्न झालं की अल्बम कपाटात.”

“मी सांगितलंय त्याला, दादा. उगाच कशाला? नाही तर नाही.”

“तुला तो पाहिजे म्हणालीस.”

तिनं दिव्याकडं बघितलं. मग पदर नीट केला आणि बसली. संमेद दिव्यामागं उभा राहिला, चिमटा लावलेला हात पाठीमागं धरून. पारखनं सांगितलं: ठोके बहात्तर. लय उत्तम. स्वच्छ.

लग्न थाटात झालं. संमेदनं बहिणीच्या लग्नाचे फोटो दुसऱ्याला काढायला दिले.

पुढं वर्षभरात पारख सगळीकडं घुसली. विमेवाले बघायला लागले, कारखाने बघायला लागले, प्रत्येक फाईलला क्रमांक आला आणि तो माणसाच्या नावाला चिकटला. मग त्रिशलाला दिवस गेले. सहाव्या महिन्यात एका दुपारी तिचा फोन आला. दोन शब्द, श्वास, दोन शब्द.

“आडवं झोपता... येत नाही. बसूनच... असतो.”

“इंजेक्शन?”

“कोण नेणार? म्हणतात फाईल... स्वच्छ, इंजेक्शन कसलं. डॉक्टरनं पण... क्रमांक बघितला. पित्ताच्या गोळ्या दिल्या.”

“तू झडपेचं सांग की त्यांना.”

“सांगितलं. म्हणतात... माहेरी जायचे बहाणे.”

संमेदनं कॅमेरा घेतला, आणि दिवा, नळकांडं, चिमटा पण घेतला. जे ज्या हत्यारानं केलं ते त्याच हत्यारानं मोडायचं होतं. मोटारसायकल हाणत तो इचलकरंजीला पोचला तेव्हा त्रिशला मागच्या खोलीत कॉटवर उशांचा ढीग करून बसली होती. ओठ जांभळे. खोकला आला की रुमालात गुलाबी फेस. शेजारच्या शेडमध्ये माग खडखडत होते आणि सोप्यावर तिचे सासरे, भूपाल नेजकर, चहा पीत होते.

“अण्णा, गाडी काढा. हिला मिरजेला दवाखान्यात न्यायचं आहे.”

“बसा की. चहा घ्या.”

“तिचे ओठ बघा.”

“सातव्यात रीतीनं माहेरी न्या तुमच्या लेकीला. आता न्यायची असेल तर परत आणू नका.” अण्णांनी कप खाली ठेवला. “पारखलेली सून आहे आमची. तुम्हीच पारखून दिलीय.”

अभय खांबाला टेकून उभा होता. त्यानं आधी वडिलांकडं बघितलं, मग जमिनीकडं.

संमेदनं रुग्णवाहिकेला फोन लावला. पलीकडच्या माणसानं नाव विचारलं, पारख क्रमांक विचारला. क्रमांक बघून म्हणाला, फाईल स्वच्छ आहे, तुमचा नंबर मागं लागलाय. संमेदनं त्याला शिवी दिली. फोन तुटला.

मग त्यानं खिडकीच्या साध्या उजेडात त्रिशलाची नवी फाईल काढली आणि अण्णांपुढं धरली. ठोके अतिशय अनियमित, श्वास धोक्याच्या पातळीवर.

“ही पण तुम्हीच काढली,” अण्णा म्हणाले. “लग्नाआधी चांगली काढली, आता वाईट. तुमच्या हातात कॅमेरा आहे, तुम्ही काहीही काढाल.”

“पहिली खोटी होती.”

“पारख खोटं बोलत नाही. तुम्हा लोकांनी काय काय काचा लावून बघितल्या, पेपरात आलं होतं. एकाला तरी जमलं का?”

“काचेनं नाही. उजेडानं. थांबा, दाखवतो तुम्हाला.”

तो दिवा जोडायला लागला. अक्का, म्हणजे त्रिशलाच्या सासूबाई, आतून हात पुसत आल्या. धडधाकट बाई, चार मागांची देखरेख एकटी करणारी. “माझ्यावर लावा,” म्हणाल्या. “बघू तरी काय जादू करताय.” आणि खुर्चीत ताठ बसल्या, फोटोला बसतात तशा.

संमेदचा बेत साधा होता. अक्कांच्या चेहऱ्यावर आपली नाडी घालायची, मग चिमटा काढून परत टिपायचं आणि दोन्ही निकाल शेजारी शेजारी ठेवायचे. त्यानं पडदे ओढले, चिमटा बोटाला लावला, बटण दाबलं. फाईल पारखमध्ये गेली आणि पारख लाल झाली. ठोके एकशे अठ्ठेचाळीस. तीव्र ताण. ताबडतोब रुग्णालयात न्या.

मागच्या खोलीतून त्रिशलाचा खोकला येत होता. संमेदचं काळीज त्याच वेगानं पळत होतं.

“हे बघा,” तो म्हणाला, “ही अक्कांची नाही, ही माझी...”

“आईऽ,” अभय पुढं झाला. या घरात आल्यापासून संमेदनं त्याचा आवाज पहिल्यांदा ऐकला.

“अहो माझी नाडी आहे ती. हा चिमटा बघा.”

“मला सकाळपासून कसंतरी होतच होतं,” अक्का म्हणाल्या आणि त्यांनी छातीवर हात ठेवला. कपाळाला घाम पण आला त्यांच्या. “म्हटलं उगाच कशाला सांगायचं.”

“अण्णा, ऐकून घ्या...”

“बाजूला व्हा हो,” अण्णांनी त्याला ढकललं. “माणसाचा जीव चाललाय आणि तुम्ही काय लावलंय. अभय, गाडी.”

गाडीची किल्ली मिळाली. चपला मिळाल्या. बाहेरचे माग बंद झाले, कामगार दारात जमले. सहा महिन्यांच्या पोटुशी बाईच्या जांभळ्या ओठांनी जे झालं नाही ते एका लाल ओळीनं झालं. समजावायचं सोडून संमेदनं बोटाचा चिमटा काढला. दिवा तसाच जळत सोडून तो मागच्या खोलीत गेला आणि त्रिशलाला त्यानं दोन्ही हातांवर उचललं. ती हलकी झाली होती, पोटासकट हलकी.

“ही कुठं?” अण्णा म्हणाले.

“अक्कांच्या सोबतीला. बाईमाणूस नको का बरोबर?”

अण्णा पुढच्या सीटवर बसले. त्रिशला मागच्या सीटवर सासूच्या शेजारी, दार धरून बसली. पुढं झुकून, तोंड उघडं टाकून. अक्का डोळे मिटून णमोकार मंत्र म्हणत होत्या. अभयनं सगळा रस्ता आरशातून आईकडं बघत गाडी चालवली. संमेद मोटारसायकलवर मागं होता.

मिरजेच्या दवाखान्यात स्ट्रेचर आलं ते अक्कांना घ्यायला. अण्णा डॉक्टरच्या तोंडासमोर फोन नाचवत होते. तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी फोन बघितला, अक्कांकडं बघितलं, आणि मग गाडीच्या उघड्या दारातून पाय खाली सोडून बसलेल्या त्रिशलाकडं.

“ही कोण?”

“सून आहे. तिची फाईल स्वच्छ आहे. तुम्ही आधी...”

डॉक्टरीणबाईंनी अण्णांच्या हातातला फोन खाली केला आणि अक्कांना म्हणाल्या, “तुम्ही जरा उतरा.” अक्का उतरल्या. उतरताना त्यांना काहीही झालं नाही.

मूल गेलं. त्रिशला राहिली, पण कशी आणि किती दिवस ते डॉक्टरीणबाई सांगेनात. नळीतून फुगा घालून झडप उघडायची म्हणाल्या, आधी फुप्फुसातलं पाणी उतरू दे. अक्कांचा कार्डिओग्राम उत्तम आला. अण्णांनी तो मान्य केला नाही. काउंटरवर उभे राहून ते मशिन तपासून घ्या म्हणून भांडत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी संमेद आणि अभय तिच्या कॉटच्या दोन बाजूंना उभे होते. नाकाला नळी, डोळे मिटलेले. चादरीवर एक हात उताणा पडला होता. संमेदनं अभयला सगळं सांगितलं. दिवा, नळकांडं, चिमटा. शिवी यायची वाट बघत तो उभा राहिला. शिवी आली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

“तिनं मला झडपेचं सांगितलं होतं,” अभय म्हणाला. “पण फाईल स्वच्छ आली. मला वाटलं, लहानपणीचं ते, बरं झालं असेल.”

“ती रोज तुमच्या शेजारी झोपत होती, दाजी.”

 अभयनं तिच्या चेहऱ्याकडं बघितलं. मग हळूच म्हणाला, “संमेददा, कॅमेरा आणलाय ना तुम्ही? एक फाईल काढू या का हिची? म्हणजे आता नक्की कसं आहे ते कळेल.”

संमेदनं त्याच्या कानाखाली लावली नाही. त्यानं अभयचा हात धरला, चादरीवरच्या त्या उताण्या हाताजवळ नेला आणि सोडून दिला.

“नाडी मोजा,” म्हणाला.

अभयची बोटं तिच्या तळव्यावर गेली, मग कोपराकडं सरकली, मग थांबली. यंत्रमागाचं तुटलेलं सूत हाताला लागताच ओळखणारी बोटं होती ती. त्यानं मान वर केली.

“कुठं असते?” त्यानं विचारलं.